बसंतीबाईचा तळहात

मित्रांनो, माझ्या दारांचा रंग कोणता होता हे आता मलाही नीट सांगता येणार नाही. निळा असावा. पण मी ट्रक आहे, जुना आहे आणि पेट्रोलवर चालतो, एवढे नक्की. तुम्ही रस्त्यावर पाहता ते जवळजवळ सगळे ट्रक डिझेलचे असतात. त्यांना ठिणगी लागत नाही. मला लागते. हवा आणि पेट्रोल आत ओढायचे, ठिणगीने पेटवायचे, त्या जोरावर चाके फिरवायची आणि उरलेला धूर मागच्या नळीने बाहेर सोडायचा, असा माझा श्वास आहे. तुमचा श्वास याहून फार वेगळा नाही.

माझे इंजिन समुद्रापलीकडे ओतले गेले. लाकडी पेट्यांतून ते मुंबईला उतरले आणि तिथे लोखंडी सांगाड्यावर बसले. हौदा नागपूरच्या सुतारांनी ठोकला. माझी पहिली वर्षे वणीच्या एका जिनिंगमध्ये गेली. तिथे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधत आणि त्या गाठी मी रेल्वेच्या धक्क्यावर नेऊन टाकत असे. वणीत तेव्हा ट्रक थोडे होते. मी निघालो की दुकानदार मान वर करून पाहत. मला ते आवडायचे, खोटे कशाला बोलू.

फुलचंद राठोड तिथेच माझ्यावर क्लीनर म्हणून लागला. पुढे तोच माझा ड्रायव्हर झाला. तो केळापूरच्या बाजूच्या एका तांड्यातला. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखामुलखांतून हिंडत. पुढे ते काम संपले आणि लोक शेतीला लागले. जिनिंग बंद पडली तेव्हा मालकाने मला विकायला काढले, आणि फुलचंदने घरची बैलजोडी विकून मला तांड्यात आणले. लोक हसले.

"बैल इकून लोखंड आणलं याने," कोणी म्हणाले. "याले आता कडबा टाकजो म्हणा."

फुलचंदचा बाप मात्र माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, "हसाचं काम नाई. आपल्या घरात पुन्हा लादाचं जनावर आलं."

फुलचंदची बायको बसंतीबाई घरात गेली आणि एक कवड्यांची पट्टी घेऊन आली. पूर्वी अशा पट्ट्या पुढच्या बैलाच्या कपाळाला बांधत. तिने ती माझ्या बॉनेटवर बांधली. तिच्या हातांत कोपरापर्यंत बांगड्या होत्या, आणि बांधताना त्या माझ्या पत्र्यावर वाजत होत्या. कवड्या एकेक करून पडत गेल्या. दोरा अजून आहे.

आता तिच्या तळहाताबद्दल सांगतो, कारण माझी गोष्ट त्याच्याशिवाय कळणार नाही.

माझ्या इंजिनाच्या बाजूला कार्बोरेटर नावाचे एक भांडे असते. हवा आणि पेट्रोल तिथे मिसळतात. थंडीत सुरू करताना हवा कमी आणि पेट्रोल जास्त लागते, म्हणून त्याच्या तोंडावर एक झडप असते. तिला चोक म्हणतात. माझी ती झडप फार वर्षांपूर्वी तुटली. सुटा भाग मिळेना. तेव्हा फुलचंद पुढून हँडल मारी आणि बसंतीबाई बॉनेट उघडून कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात ठेवी. माझा श्वास तिच्या हाताला ओढ लावी. मी पकडले, म्हणजे इंजिन पेटले, की ती बरोबर त्या क्षणी हात काढी. जरा आधी काढला तर मी विझायचो, जरा उशीर झाला तर मी पेट्रोल पिऊन गुदमरायचो. तिला कोणी शिकवले नव्हते. तिच्या तळहातावर एक गोल वळ उठे. तो वळ घेऊन ती भाकरी थापायला जाई.

ठिणगी पाडणारे पॉइंट काळे पडले की फुलचंद हाक मारी, "काडीपेटी आण वं." ती चुलीजवळची काडीपेटी आणी आणि तिच्या खरखरीत बाजूवर स्वतःच पॉइंट घासून देई. फुलचंद म्हणे, "बारीक घास. तवा नाई तो."

"तवा असता तं तुमाले इचारलं असतं का मी?" ती म्हणे.

ती माझी चांगली वर्षे होती. मी आसपासच्या शेतांतून कापूस बाजारात नेला. तांड्यातल्या लग्नांची वऱ्हाडे नेली. तीजेच्या सणाला मुली टोपल्यांत गहू पेरून वाढवतात आणि शेवटच्या दिवशी ते कोवळे गहू नदीला नेतात. त्या मुली, त्यांच्या टोपल्या आणि त्यांची गाणी माझ्या हौद्यातून गेली आहेत. परत येताना नाल्यापलीकडच्या चढावर फुलचंद गिअर बदले आणि माझा आवाज बदले. चुलीपाशी बसलेली बसंतीबाई तो आवाज ओळखून शेवटची भाकर तव्यावर टाकी. फुलचंद पाय धुऊन आत येईपर्यंत ती फुगलेली असे. मानीबाई नावाची शेजारीण तिला चिडवी, "तुया कानात यानं घुंगरू बांधलं का वं?"

पुढे डिझेलचे ट्रक आले, मग छोट्या पिकअप गाड्या आल्या. मला कोणी बोलावेना. फुलचंदचा मुलगा बादल वणीला कोळशाच्या टिप्परवर ड्रायव्हर झाला. तो सुट्टीत आला की माझ्या चाकाला लाथ मारून म्हणे, "बा, हा ट्रक नाई, हे तं म्हतारं आहे." मी अंगणातल्या कडुनिंबाखाली उभा राहू लागलो. वर्षातून फार तर कापूस वेचणीच्या दिवसांत आणि दसऱ्याच्या पूजेला मला सुरू करत.

उभ्या गाडीचे हाल उभ्या गाडीलाच ठाऊक. हौद्याच्या फळ्यांत वाळवी शिरते. सीटमध्ये उंदीर पिल्ले घालतात. माझ्या मागच्या नळीचे टोक गंजून गळून पडले होते आणि उरलेली नळी पोटाखालीच संपत होती. तिच्यात एका पावसाळ्यात उंदरांनी घर केले. तेव्हापासून बसंतीबाईने एक काम सुरू केले. पाऊस लागायच्या आधी ती जुन्या कपड्याचा बोळा करी, माझ्याखाली सरपटत शिरे आणि खराट्याच्या दांड्याने तो नळीत आत ढकली. त्यावर शेणमाती लिंपी. घरात धान्याच्या कोठीचे तोंड ती असेच बंद करत असे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती पुन्हा खाली शिरे आणि बोळा ओढून काढी. फुलचंदला यातले काही माहीत नव्हते. त्याने विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. घरातली कोठी कोण लिंपते, हे तरी कोण विचारते?

गेल्या पावसाळ्यापूर्वीही तिने नळी बंद केली. त्या वेळी तिला खालून बाहेर यायला फार वेळ लागला. ती माझ्या पायदानावर बसून राहिली. तिच्या छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. फुलचंद आला तेव्हा ती म्हणाली, "ऐकलं का? दम आत जाते, पण बाहीर नाई निंगत."

"अशक्तपणा आहे तो," फुलचंद म्हणाला. "जेवत नाई तू, म्हून."

"जेवणाचं नाई म्हणून राह्यली मी. आत जाते. बाहीर येत नाई."

"बरं बरं. ताकदीची बाटली आणतो."

त्याने बाटली आणली. मग दुसरी आणली. शेंगदाणे आणि गूळ आणला. त्याने काही कमी केले नाही, हे मी पाहिले आहे. ती रोज चुलीसमोर बसे, धूर तिच्या तोंडावर येई, आणि बाटलीतले औषध ती झाकणाने मोजून पिई. दसरा आला तेव्हा तिला उभे राहवत नव्हते. त्या वर्षी मला कोणी सुरू केले नाही. फुलांची माळ घातली, तेवढेच. थंडी सरता सरता ती गेली. तिला दवाखान्यात नेले ते पिकअपमधून. परतही पिकअपमधूनच आणले. होळीला तांड्यात लेंगीची गाणी झाली. फुलचंद माझ्या केबिनमध्ये काच वर करून बसला होता.

उन्हाळ्यात बादल आला तेव्हा त्याने मापाची दोरी आणली होती. त्याला मुलाबाळांसाठी पक्के घर बांधायचे होते आणि अंगणात जागा तेवढीच होती, जिथे मी उभा होतो.

"बा, पावसाच्या आधी जोतं निंगलं पाह्यजे," तो म्हणाला. "हा चालून जात असन तं वावराच्या धुऱ्यावर नेऊन लाव. मी कायी म्हणत नाई. नाई चालला तं कापून देऊ."

"चालते तो."

"कधी चालला होता?"

फुलचंद माझ्या बॉनेटवरची धूळ पुसू लागला. बादलही मग वरमला. तो काही वाईट मुलगा नाही. एका खोलीत त्याची चार माणसे झोपत होती.

दुसऱ्या आठवड्यात वणीहून संघदीप मेकॅनिक आला. त्याचा बाप जिनिंगमध्ये फिटर होता आणि माझे इंजिन त्याने कितीदा तरी उघडले होते. त्या ओळखीवर संघदीप आला. त्याचे स्वतःचे आयुष्य कोळशाच्या डिझेल गाड्यांखाली गेले होते. त्याने बॉनेट उघडले आणि हात जोडले.

"फुलचंदभाऊ, हे तं माया बापाच्या काळातलं आहे गा."

"तुया बापाले येत होतं."

"बाप गेला. आता माया भरोशावर आहे तुमी."

माझी टाकी गंजली होती, म्हणून त्याने ती काढून ठेवली आणि पेट्रोलचा डबा बाजूला टांगून नळी जोडली. ट्रॅक्टरची बॅटरी आणली. कार्बोरेटरच्या तोंडावर त्याने आपला हात ठेवला आणि फुलचंदने हँडल मारले. बऱ्याच वेळाने मी पकडले. चार-दोन हुंदके दिले आणि बंद पडलो. फुलचंदच्या चेहऱ्यावर उजेड आला आणि लगेच गेला.

मित्रांनो, मला ठाऊक होते. बसंतीबाईचा बोळा माझ्या नळीत तसाच होता. हवा आत येत होती, पेट्रोल येत होते, ठिणगी पडत होती. धुराला बाहेर जायला जागा नव्हती. तो पोटात साचे आणि मला दाबून विझवी. पुढच्या जोडातून थोडा धूर गळत होता. तो पाहून संघदीपला वाटले की मागूनही येतच असेल. नळीच्या तोंडावरची शेणमाती वाळून गंजासारखीच दिसत होती, आणि खाली वाकून पाहिले कोणी नाही. मी बोलू शकलो असतो तर पहिल्याच दिवशी बोललो असतो.

"कार्बोरेटर गेला," संघदीप म्हणाला. "जेट झिजले, बाडी वाकली. दुसरा पाहा लागते."

तो चार दिवसांनी तीन कार्बोरेटर घेऊन आला आणि पोत्यावर मांडले.

"हा तुमच्याचाच जोडीदार. नागपूरच्या भंगारातून काढला. पण चोक याचाही तुटेल आहे. हा जिपचा. चोक चांगला आहे, मधात पट्टी टाकून बसवता येते. आन हा नवा. दिसाले नवरदेव, पण भरोसा नाई."

फुलचंदने पहिला उचलला. त्याच्या तोंडावर त्याने आपला तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग तो खाली ठेवून म्हणाला, "जिपचा लाव."

"काहून? तुमाले तं सारं जुनंच पाह्यजे होतं ना?"

"जुन्याले दोन माणसं लागते. एक हँडलले, एक हात ठेवाले. मी एकटा आहो."

संघदीपने मान खाली घालून पाना उचलला. माझा जुना कार्बोरेटर निघाला आणि भंगाराच्या पोत्यात पडला. त्याच दिवशी भंगारवाला आला आणि पोते सायकलला बांधून घेऊन गेला. त्या भांड्यात काही दोष नव्हता.

मी सुरू झालो. पुन्हा तसाच हुंदका, पुन्हा तसाच बंद. या वेळी कार्बोरेटरने उलटी फुंकर मारली आणि पेट्रोल संघदीपच्या तोंडावर उडाले. मानीबाई कुंपणापाशी उभी राहून पाहत होती.

"थुकला तुयावर," ती म्हणाली. "त्याले जिपचं तोंड पसंत नाई."

"मावशी, तुमी घरी स्वयंपाक करा ना," संघदीप तोंड पुसत म्हणाला.

मग ठिणगीचा विचार झाला. प्लग काढले तर ते काजळीने माखले होते. धूर बाहेर जात नव्हता म्हणून ती काजळी होती, पण संघदीपला वाटले की ठिणगी कमजोर पडते. पॉइंटही काळे होते. तो म्हणाला की नवे पॉइंट आणि कंडेन्सर बसवता येतील, पण ते घासत बसावे लागतील. त्यापेक्षा पॉइंट काढूनच टाकू आणि त्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवू. त्यात घासण्याचे काम नसते.

"पॉइंट चांगले होते," फुलचंद म्हणाला. "काडीपेटीवर घासले की साफ होत."

"मंग तेच ठेवू का?"

फुलचंद घराकडे पाहू लागला. चूल थंड होती. सून आता गॅसवर स्वयंपाक करत होती आणि गॅसला लायटर होता.

"नको," तो म्हणाला. "बसव तुयं ते."

नवे प्लग बसले, नवी कॉइल बसली, इलेक्ट्रॉनिक डबी बसली. ठिणगी अशी निळी पडू लागली की तशी मला तरुणपणीही मिळाली नव्हती. मी पकडले, जरा जास्त वेळ चाललो, फुलचंद पळत केबिनकडे आला, आणि मी विझलो. तो दार उघडून तसाच उभा राहिला.

संघदीप माझ्या बंपरवर बसून घाम पुसत होता. "आता राह्यला एक सायलेन्सर," तो म्हणाला. "तो तं आवाजापुरता असते, पण जुना सडला आहे. दोन आणून ठेवले मी. एक ट्रॅक्टरसारखा उभा, एक कोळशाच्या गाडीचा. कोणता लावू सांगा."

"सायलेन्सर नाई बदलाचा."

"भाऊ, सारं बदललं ना आपण..."

"सारं बदल. पण त्याचा आवाज नाई बदलाचा. दुसरा आवाज तिले ओळखू येणार नाई."

कुंपणापलीकडून मानीबाई म्हणाली, "मेलेल्या माणसाले आवाज ऐकवून राह्यला का गा तू?" पण तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती डोळ्यांना पदर लावून आत गेली.

मित्रांनो, माणसाने माझ्यावर इतका जीव लावलेला मी कधी पाहिला नव्हता. आणि त्याच जिवामुळे मी मरत होतो. त्याने सायलेन्सर खोलू दिला असता तर बोळा त्याच दिवशी हाती आला असता.

संघदीपने आणखी दोन दिवस खटपट केली आणि हात टेकले. सामान बांधताना तो फुलचंदला म्हणाला, "मले नाई समजलं, भाऊ. माया बापाले समजलं असतं." फुलचंदने त्याला जेवू घातले. दोघेही फार जेवले नाहीत.

बादल गॅस कटरवाल्याला घेऊन आला तेव्हा सकाळ होती. संघदीपही आला होता, कारण नवे भाग काढून न्यायचे होते. ते आधी काढू की नंतर यावर त्याचे आणि कटरवाल्याचे बोलणे चालले होते. फुलचंद कडुनिंबाच्या बुंध्यापाशी माझ्याकडे पाठ करून बसला. पेट्रोलचा डबा बाजूला नेऊन ठेवला होता. कटरवाला म्हणाला, "नवं सामान काढा तुमी सावकाश. मी तवर खालून सुरू करतो. सायलेन्सर सोपा आहे." तो पाठीवर झोपून माझ्या पोटाखाली सरकला.

ज्योत लागली. मला जाणवले ते मी तुम्हाला सांगणार नाही. सायलेन्सर पुढच्या बाजूने कापला गेला, मागचे हुक तुटले आणि नळीसकट तो जमिनीवर आदळला. शेणमाती फुटली. नळीतून काहीतरी काळे बाहेर घरंगळले.

"अरे, यात तं कोणं चिंधी कोंबली आहे!" कटरवाला ओरडला.

संघदीप खाली बसला. त्याने तो गोळा ओढून काढला. बाहेरून तो काजळीने माखला होता, पण घडी उलगडली तेव्हा आत लाल कापड निघाले. त्यावर आरशांचे छोटे तुकडे शिवलेले होते. उन्हात ते चमकले.

फुलचंद उठून आला होता. त्याने ते कापड हातात घेतले. ते बसंतीबाईच्या जुन्या फेटियाचे होते. फेटिया म्हणजे तांड्यातल्या बाया घालतात तो घागरा.

"हे याच्यात कसं गेलं?" बादल म्हणाला.

बादलची बायको रंजिता दारात उभी होती. सासूला ती याडी, म्हणजे आई, म्हणे. ती म्हणाली, "याडीनं लावलं. ते तं दर पावसाळ्यात लावत. उंदरं जाऊ नाई म्हून. कोठीले लावते तसं." सगळे तिच्याकडे पाहू लागले तशी ती बावरली. "तुमाले माहीत नव्हतं? मले वाटलं, दसऱ्याले काढलं असन कोणं."

"मंग सांगतलं काहून नाई?" बादल तिच्यावर खेकसला.

"तुमी काय इचारलं? पंधरा दिवस तुमी मधात तोंड घालून बसले होते. मले कोणी इचारलं का?"

संघदीपने डबा परत टांगला, बॅटरीच्या वायरी लावल्या. फुलचंदने बादलला एवढेच म्हटले, "हँडल मार."

बादलने हँडल मारले. जिपच्या कार्बोरेटरचा चोक फुलचंदने ओढला. दुसऱ्या झटक्याला मी पकडले आणि या वेळी विझलो नाही. सायलेन्सर नव्हता, म्हणून माझा आवाज उघडा आणि भसाडा होता. कोंबड्या पळाल्या. तांड्यातली माणसे गोळा झाली. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. इतक्या दिवसांचा धूर माझ्यातून बाहेर पडला आणि कडुनिंबात शिरला.

फुलचंदने मला चालू दिले आणि तो माझ्या पायदानावर बसला, जिथे ती बसली होती तिथेच. कापड त्याच्या मांडीवर होते. संघदीप हसत त्याच्याजवळ आला आणि त्याचे तोंड पाहून थांबला.

"ती मले सांगत होती," फुलचंद म्हणाला. माझ्या आवाजामुळे त्याला जोराने बोलावे लागत होते. "दम आत जाते म्हणे, बाहीर नाई निंगत. मी तिले ताकदीची दवाई पाजत राह्यलो. दवाखान्यात गेलो तं डाक्टरनं तेच सांगतलं. हवा आत अडकते म्हणे. चुलीचा धूर आहे म्हणे, लय वर्षांचा. काहून उशीर केला, इचारे मले." त्याने मांडीवरचे कापड मुठीत धरले. "तिनं तं मले पाण्याच्या आधीच सांगतलं होतं. याच जागी बसून."

बादल हँडल हातात धरून उभा होता. त्याने ते हळूच खाली ठेवले.

त्याच दिवशी मी माझ्या चाकांवर चालत शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गेलो. वाटेत नाल्यापलीकडचा तो चढ लागला. फुलचंदने गिअर बदलला. माझा आवाज पूर्वीसारखा बदलला नाही, नुसता वाढला. फुलचंदने आरशात मागे पाहिले. मागे घर होते आणि अंगणात बादल दोरी लावून जोत्याची जागा आखत होता.

संघदीप पुढे एकदा दोन्ही सायलेन्सर घेऊन आला. "आता तरी घ्या एक," तो म्हणाला. फुलचंदने दोन्ही पाहिले, वाजवून पाहिले आणि कोळशाच्या गाडीचा निवडला. कोणता का असेना, असे म्हणाला. माझा जुना कार्बोरेटर शोधायला तो भंगारवाल्याकडेही जाऊन आला. तो माल केव्हाच वितळायला गेला होता.

आता मी धुऱ्यावर उभा असतो. बाजाराच्या दिवशी फुलचंद येतो, माझी नळी आधी वाकून पाहतो, मग चोक ओढतो आणि हँडल मारतो. मी लगेच सुरू होतो. माझ्यातले सगळे भाग चांगले आहेत. मला सुरू करायला आता एकच माणूस पुरतो. तरी बॉनेट उघडून तो कार्बोरेटरपाशी थोडा वेळ उभा राहतो. पावसाच्या आधी नळीला बोळा लावायचे काम त्याने स्वतःकडे घेतले आहे. ते लाल कापड मात्र तो त्यासाठी वापरत नाही.

मित्रांनो, गाड्यांना तेलपाणी करा, त्यांना गंजू देऊ नका, हे तुम्हाला कोणीही सांगेल. मी वेगळे सांगतो. तुमच्या घरातही कोणीतरी कोठी लिंपत असेल, नळी बंद करत असेल, न सांगता. आज घरी गेलात की विचारा, तू काय काय करतेस. आणि ती जर म्हणाली की दम बाहेर येत नाही, तर तिला दुसरे काही पाजू नका. ती म्हणते तेच ऐका. मला तोंड नव्हते, म्हणून माझे कोणाला कळले नाही. तिला होते.